पडलेली पापणी : दोष कुणाचा, इलाज कोणता?

या वेळी आम्ही डोळ्याच्या पापणीविषयी लिहीत आहोत. विषय लहान वाटेल. मोतीबिंदू, चष्मा, डोळे येणे यांविषयी आपण पुष्कळदा वाचतो, ऐकतो. पण एका डोळ्याची वरची पापणी अर्धी मिटल्यासारखी खाली आलेली मुले आपल्या वस्त्यांत असतात, आणि त्यांच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. अशा मुलाला घरचे 'झोपाळू' म्हणतात. गुरुजी म्हणतात, हा वर्गात डुलक्या घेतो. पोरे चिडवतात ते वेगळेच. मुलगी असेल तर 'हिचे लग्न कसे जमणार' ही काळजी तिच्या पाचव्या वर्षापासून घराला लागते. मात्र त्या पापणीमागचा डोळा पाहतो आहे की नाही, ही खरी काळजी कोणाच्या मनात येत नाही.

आम्ही हे तेलगाव परिसरातील वाचकांना डोळ्यासमोर ठेवून लिहीत आहोत. धारूर तालुक्यातल्या या गावात साखर कारखाना आहे. हंगामात इथे उसाच्या गाड्यांची रांग लागते. आणि त्याच सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीला गेलेले कुटुंब पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात परत येते. मध्यंतरी गावात डॉक्टरांचे पथक येऊन शाळा तपासून जाते, आणि आपले लेकरू तेव्हा फडावर असते. आज ना उद्या दाखवू, असे म्हणत दोन-तीन हंगाम निघून जातात. मोतीबिंदू असता तर तो वर्ष-सहा महिने थांबला तरी बहुधा चालले असते. लहान मुलाच्या डोळ्याचे तसे नाही. त्याला मुदत असते.

पापणी वर कशी राहते?

वरची पापणी आपोआप वर राहत नाही. तिला उचलून धरणारा एक पातळ स्नायू डोळ्याच्या खोबणीत असतो. तो मागून पुढे येतो आणि चिवट पडद्यासारखा पसरून पापणीला चिकटतो. त्याला हुकूम देणारी नस थेट मेंदूतून येते. शिवाय आणखी एक बारीक स्नायू आहे. तो पापणी दोनेक मिलिमीटर वर धरतो. आणि हे दोन्ही कमी पडले तर माणूस कपाळाचा स्नायू वापरतो, म्हणजे भुवया वर चढवून पापणी ओढतो.

निरोगी माणसाने समोर पाहिले तर वरची पापणी काळ्या बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. मधली बाहुली मोकळी असते. पापणी त्याहून खाली आली की तिला पडलेली पापणी म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर 'टोसिस' असा शब्द दिसेल. दोन मिलिमीटरपर्यंत खाली आली तर सौम्य, तीन म्हणजे मध्यम, आणि चार किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र, असा साधारण हिशेब आहे. स्नायू कमजोर असेल, नस बिघडली असेल, पडदा सैल झाला असेल किंवा पापणीवर गाठ वा सूज असेल, तर पापणी पडते. कारण निराळे तसा इलाज निराळा. म्हणून 'पापणी पडली, टाका मारून वर करा' इतके हे सोपे काम नाही.

आईचा दोष नाही

काही मुलांची पापणी जन्मतःच पडलेली असते. गर्भात असताना पापणी उचलणारा स्नायू नीट घडत नाही. त्याच्या जागी तंतू आणि चरबी येते. अशा स्नायूला ताकदही नसते आणि तो नीट ताणलाही जात नाही. काही घराण्यांत हा दोष पिढीजात चालतो, पुष्कळ वेळा तसे काहीही नसते.

आपल्याकडे मात्र कारण तयारच असते. 'ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, म्हणून पोर असे झाले.' हा आरोप कोणावर येतो? बाळंतिणीवर. सासू बोलते, शेजारीण बोलते, आणि ती बिचारी आयुष्यभर स्वतःला दोष देत बसते. आम्ही स्पष्ट सांगतो, ग्रहण म्हणजे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या सावल्यांचा खेळ आहे. त्याचा पोटातल्या बाळाच्या पापणीशी काडीचा संबंध नाही. जगात जिथे ग्रहणे कोणी पाळत नाही तिथेही अशी मुले जन्मतात, आणि कडक ग्रहण पाळणाऱ्या घरांतही जन्मतात. आईला बोल लावल्याने मुलाची पापणी एक केसभरही वर जात नाही. उलट दोष लपवण्यात वेळ जातो आणि लेकराचा डोळा जातो.

याच प्रकारात एक चमत्कारिक गोष्ट आढळते. बाळ अंगावर पिऊ लागले, जबडा हलवू लागले, की पडलेली पापणी एकदम वर उडते आणि पुन्हा खाली येते. आई घाबरते, बाहेरची बाधा समजते. तसे काही नाही. जबड्याच्या नसेचा एक धागा चुकून पापणीच्या स्नायूला जोडला गेलेला असतो. मार्कस गन नावाच्या डॉक्टरांनी १८८३ साली हा प्रकार लिहून ठेवला, त्यांचेच नाव त्याला आहे. डॉक्टरांना ही खूण अवश्य सांगावी. शस्त्रक्रिया ठरवताना तिचा उपयोग होतो.

आळशी डोळा

आता मुख्य मुद्दा. डोळा फक्त चित्र घेतो. ते पाहायला मेंदू शिकतो. हे शिकणे जन्मापासून सुरू होते आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत पक्के होते. त्या काळात एका डोळ्यासमोर पापणीचा पडदा राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणे सोडून देतो. डोळा आतून चांगला असतो, पण त्याला दिसत नाही. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. बाहुली पूर्ण झाकली नसली तरी धोका असतोच. पापणीच्या दाबाने बुबुळाचा आकार थोडा वाकडा होतो, मोठा नंबर येतो, आणि चष्मा न मिळाल्याने डोळा मागे पडतो. कधी जोडीला तिरळेपणाही असतो.

वय निघून गेल्यावर पापणी वर केली, तर चेहरा सुधारतो; गेलेली नजर बहुधा पूर्ण परत येत नाही. म्हणून 'मोठी झाली की, लग्नाच्या वेळी करू' हा विचार घातक आहे. पापणीने बाहुली झाकली असेल तर अगदी तान्ह्या वयातही शस्त्रक्रिया करतात. बाहुली मोकळी असेल आणि नजर नीट वाढत असेल, तर डॉक्टर तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबतात आणि शाळेच्या आधी काम उरकतात. पण थांबायचे ते डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर, आणि मधून मधून नजर तपासत. आपल्या मनाने थांबायचे नाही.

घरी काय पाहावे? मूल हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघते का? भुवया सतत वर चढलेल्या आणि कोवळ्या कपाळावर आठ्या आहेत का? चांगला डोळा हाताने झाकला की ते रडते, हात ढकलते, आणि दुसरा झाकला तर खुशाल खेळते, असे होते का? यातले एक जरी दिसले तरी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

मोठेपणी पापणी पडली तर

वय झाले की पापणीला धरणारा पडदा सैल होऊन सुटत जातो. आजोबा मान वर करून पेपर वाचतात, संध्याकाळी कपाळ दुखते म्हणतात, वरचे दिसत नाही म्हणून त्यांना ठेच लागते. घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल. मोतीबिंदू असेलही, पण पापणीही दाखवावी. अशा वेळी जुना फोटो, लग्नाचा अल्बम बरोबर न्यावा. पापणी केव्हापासून पडली हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळते.

सकाळी डोळे चांगले, आणि दिवस चढेल तशी पापणी जड होत जाते, एकाच्या जागी दोन दिसतात, जेवताना चावून चावून जबडा थकतो, असे असेल तर तो नस आणि स्नायू यांच्या सांध्याचा रोग असू शकतो. त्याचे नाव 'मायस्थेनिया'. त्यावर आधी गोळ्या असतात, चाकू नव्हे. कामाने थकला असेल म्हणून हा रोग अंगावर काढू नये. तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाऊ शकतो.

पापणी एकाएकी पडली, सोबत डोके फुटेल असे दुखते, एकाच्या जागी दोन दिसतात, किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून नसेवर दाब आल्याची ती खूण असू शकते. मधुमेहातही ही नस अधू होते. साखर ताब्यात आली तर ती बहुतेक वेळा काही महिन्यांत सुधारते. पण हे की ते, हा निर्णय डॉक्टरांचा. पापणी थोडीशीच पडली आणि त्या बाजूची बाहुली लहान झाली, तर मान आणि छातीची तपासणी लागते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर ती टाळूच नये, कारण फुप्फुसाच्या टोकावरची गाठही अशी खूण दाखवते.

आणि कोपीत, जमिनीवर झोपणाऱ्या आपल्या माणसांसाठी एक गोष्ट आम्ही ठळकपणे सांगतो. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठला आणि थोड्या वेळाने त्याच्या दोन्ही पापण्या मिटू लागल्या, बोलणे जड झाले, थुंकी गिळता येईना, तर मण्यार चावली असे समजून चालावे. मण्यार रात्री चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. लोक म्हणतात, झोप उतरली नाही, किंवा रात्री दारू जास्त झाली. तेवढ्यात विष श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. नागाच्या विषानेही पापण्या अशाच पडतात. इथे कापणे, चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे किंवा देवळात नेणे यांत जीव जातो. माणसाला हलू न देता थेट रुग्णालयात न्यावे. आपल्या देशात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते. श्वास यंत्रावर ठेवावा लागला तरी वेळेत पोहोचलेला माणूस चालत घरी येतो, पापण्याही पूर्ण उघडतात. मूळचे जालना जिल्ह्यातले, महाडला राहून विंचूदंश आणि सर्पदंशावर आयुष्यभर काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, ती खेड्यातल्या अशाच जिवांच्या कामासाठी.

शस्त्रक्रिया कशी करतात?

आधी तपासणी. डॉक्टर अंगठ्याने भुवई दाबून धरतात आणि खाली बघ, मग वर बघ असे सांगतात. पापणी किती सरकली ते पट्टीवर मोजतात. चांगल्या स्नायूने ती बारा ते पंधरा मिलिमीटर सरकते. या एका मापावर पुढचे बरेचसे ठरते. शिवाय डोळा मिटल्यावर बुबुळ वर जाते का, डोळ्यात पाणी पुरेसे आहे का, नजर किती, चष्मा हवा का, हेही पाहतात.

स्नायूत बऱ्यापैकी ताकद असेल तर पापणीच्या घडीत चीर देऊन तो स्नायू थोडा आखूड करून पुन्हा शिवतात. सैल बाह्या दुमडून टाका घालावा तसे. उतारवयात पडदा सुटला असेल तर तो पुन्हा जागेवर बसवतात. चीर घडीत असल्याने व्रण सहसा दिसून येत नाही. थोडीच पापणी पडली असेल तर कधी आतल्या बाजूनेही शस्त्रक्रिया होते. बाहेर चीर नसते.

स्नायू जवळजवळ निकामी, म्हणजे चार मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी सरकणारा असेल, तर तो आखूड करून भागत नाही. मग पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. सिलिकॉनचा बारीक धागा, किंवा रुग्णाच्याच मांडीतून काढलेली चिवट पट्टी पापणीतून भुवईपर्यंत नेतात. भुवई उचलली की पापणी उघडते. मांडीची पट्टी साधारण तीन-चार वर्षांपुढच्या मुलाचीच घेता येते; तान्ह्या बाळाला सिलिकॉनचा धागा वापरतात.

लहान मुलाला पूर्ण भूल लागते. मोठ्या माणसाला बहुधा पापणीपुरतीच सुई देतात, कारण मध्येच 'डोळा उघडा' म्हणून उंची जुळवून बघता येते. डोळ्याचे बुबुळ या कामात उघडत नाहीत. 'डोळा काढून ठेवतात' ही निव्वळ भीती आहे.

शस्त्रक्रियेनंतर

सूज आणि काळेनिळेपण एक-दोन आठवडे राहते. बाहेरचे टाके साधारण आठवड्याने काढतात. विरघळणारे असतील तर तेही नाही. पहिल्या दिवसांत थंड पट्ट्या ठेवायला सांगतात.

नंतरची एक गोष्ट मात्र आई-वडिलांनी आधीच समजून घ्यावी. झोपेत तो डोळा थोडा उघडा राहतो. जन्मजात प्रकारात आणि टांगलेल्या पापणीत हे विशेष होते, काही महिने टिकते, थोडेसे कायमही राहते. खाली बघताना ती पापणी दुसऱ्यापेक्षा मागे राहते. हे बिघडले असे नव्हे; मूळ स्नायूच ताठर असतो. पण उघडा डोळा कोरडा पडला तर बुबुळावर जखम होते. म्हणून रात्री मलम आणि दिवसा थेंब, डॉक्टर सांगतील तितके दिवस, एकही नागा न करता. पाचटाची धूळ, चुलीचा धूर, गाडीवरचा वारा यांपासून डोळा जपावा. शस्त्रक्रिया करून दुसऱ्याच आठवड्यात लेकराला फडावर नेले तर केलेले काम वाया जाते. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसवेना, की लगेच दाखवावे.

कधी पापणी थोडी कमी किंवा जास्त वर होते आणि पुन्हा दुरुस्ती लागते. सिलिकॉनचा धागा काही वर्षांनी सैल होऊ शकतो. दोन्ही डोळे अगदी तंतोतंत सारखे होतील असे वचन कोणीही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. शस्त्रक्रियेने पडदा वर गेला तरी मेंदूला शिकवायचे काम उरतेच. त्यासाठी चष्मा घालावा लागतो, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागते. मूल कंटाळते, पट्टी ओढून काढते. तिथे आई-बापांनी चिकाटी धरायची. निम्मा इलाज डॉक्टर करतो, निम्मा घर करते.

कुठे जावे?

तेलगावहून अंबाजोगाई गाठता येते. तिथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. त्याच्या नेत्रविभागात आधी दाखवावे. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे. गरज पडली तर ते छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा पुण्या-मुंबईला पाठवतील. ती चिठ्ठी घेऊन जावे, 'लांब आहे' म्हणून खिशात ठेवू नये.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. पथक कोणत्या महिन्यात येणार हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवावे. आपण हंगामाला जाणार असू तर 'आमच्या लेकराला आधी दाखवायचे आहे' असे त्यांना सांगावे. ते विचारणे हा आपला हक्क आहे, उपकार मागणे नव्हे.

पैशांची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे आणि ही शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेतून होते ते विचारावे. शहरांतल्या धर्मादाय रुग्णालयांनाही दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला तर धावपळ वाचते.

बंधू-भगिनींनो, मुकादमाची उचल घेताना आपण सहा महिन्यांचा हिशेब बोटांवर करतो. त्याच वेळी लेकराच्या वयाचाही हिशेब करावा. विहारात, समाजमंदिरात बाया जमतात तेव्हा एकमेकींची मुले उजेडात उभी करून त्यांचे डोळे पाहावेत. ज्याची हनुवटी वर आहे, ज्याच्या कपाळावर आठ्या आहेत, त्याच्या आईला कोपऱ्यात घेऊन, बोल न लावता, 'अक्का, अंबाजोगाईला दाखवून या' एवढे सांगावे. तिच्यासोबत एकीने जावे. टोळी गाडीत बसण्याआधी हे काम झाले पाहिजे.